‘पोंगा पंडित’ कुणी लिहिलं?

१८ डिसेंबरला गुरू घासीदास जयंती. दुर्ग-भिलाईच्या बाजूला ती एका दिवसात आटोपत नाही, महिनाभर गावोगाव चालते. १४ एप्रिलला भीमजयंती, तीही आता आठवडा-पंधरवडा चालते. दोन्ही जयंत्यांच्या मंचावर भाषणं होतात, गाणी होतात आणि एखाद-दोन छोटी नाटकंही होतात. वीस-पंचवीस मिनिटांची, वस्तीतल्याच पोरापोरींनी बसवलेली. फ्लेक्सवर उद्घाटकाचं नाव असतं, प्रमुख पाहुण्यांचं असतं, मंडप देणाऱ्याचं आणि जेवणाची सोय करणाऱ्याचंही असतं. नाटक कुणी लिहिलं, ते मात्र बहुतेक वेळा कुठेच नसतं. निवेदक सांगतो, "आता आपल्या वस्तीतील मुलं एक नाटिका सादर करीत आहेत." झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ते नाव फ्लेक्सवर आलं पाहिजे, आणि ज्या वहीत ते नाटक लिहिलंय ती वही जपली गेली पाहिजे. मागणी किरकोळ वाटेल. पण हे न केल्यामुळे आपण काय काय गमावलं, याचा हिशोब मांडला तर ती किरकोळ राहत नाही. आणि हा हिशोब मांडायला दुर्ग-भिलाईपेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

रसमडा हे दुर्गहून राजनांदगावकडे निघालं की लागणारं छोटं स्टेशन. आजूबाजूला कारखाने, मध्ये जुनी गावं. हाच लोहमार्ग पुढे राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया करत नागपूरला जातो. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे कामाला आली, त्यात विदर्भातलीही कुटुंबं होती. त्यांच्या नातवंडांची घरातली भाषा मराठी, गल्लीतली छत्तीसगडी आणि शाळेतली हिंदी. आज या घरांमधून पदवीधर निघताहेत. कित्येक घरांत तो पहिलाच.

या लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना नाटकासाठी एकच शब्द आहे. पूर्व विदर्भात ‘खडी गंमत’, छत्तीसगडात ‘गम्मत’. छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यात रात्रभर एकामागून एक गम्मती होतात. एकेक गम्मत म्हणजे एकेक छोटं नाटक. जोक्कड म्हणजे विदूषक, परी म्हणजे बाईच्या वेषातला पुरुष, आणि मध्ये गाणी. पूर्वी वादक वाद्यं कमरेला बांधून उभ्यानेच वाजवायचे, म्हणून त्याला ‘खडे साज’ म्हणत. पुढे राजनांदगावजवळच्या रवेली गावच्या दाऊ मंदराजींनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपली नाचा पार्टी उभी केली, वादकांना बसवलं आणि साथीला हार्मोनियम आणलं. दाऊ म्हणजे मालगुजार. पैसा त्यांचा होता. नाचणारे, गाणारे, हसवणारे मात्र बहुतेक शेतमजूर आणि कारागीर जातींमधले होते. त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे आपण आज ज्याला एकांकिका महोत्सव म्हणतो, तो या मातीत पिढ्यान्‌पिढ्या दर हंगामात होत होता. परीक्षक नव्हते, करंडक नव्हता. लेखकाचं नावही नव्हतं.

आता ‘पोंगा पंडित’ची गोष्ट. ‘जमादारिन’ या नावानेही ती ओळखली जाते. देवळात शिरलेली झाडूवाली आणि सोवळं सांभाळताना त्रेधा उडालेला पंडित, एवढ्यावर उभी असलेली गम्मत. १९३० च्या दशकात सुखराम आणि सीताराम या दोन नाचा कलावंतांनी ती रचली असं सांगितलं जातं. ती काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची वर्षं. नाशिकला मंदिराच्या दारात लढा चालू होता, आणि छत्तीसगडच्या खेड्यांत दोन निरक्षर माणसं मंदिरातल्या त्याच विटाळाची टर उडवत होती. त्यांना नाशिकची खबर होती की नव्हती, हा वेगळा प्रश्न. पण अस्पृश्यतेवर हसू आणण्याची ताकद त्यांच्यात होती, आणि गावकरी पहाटेपर्यंत बसून हसत होते.

पुढे हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’ने ही गम्मत देशभर नेली. १९९० च्या दशकापासून हिंदुत्ववादी संघटनांनी तिच्या प्रयोगांत गोंधळ घालायला सुरुवात केली. २००३ साली मध्य प्रदेशातल्या दौऱ्यात तर ठिकठिकाणी प्रयोग उधळण्याचे प्रकार झाले. हे नाटक मी लिहिलेलं नाही, ते कित्येक दशकं गावागावांत चालू आहे, असं तन्वीर त्या वेळी सांगत राहिले. ते खरंच होतं, आणि ते नटांच्या पाठीशी ठाम उभे राहिले, हेही खरं. पण वर्तमानपत्रांतला वाद ‘हबीब तन्वीर विरुद्ध संघटना’ असाच रंगला. हल्लेखोरांना एक मुसलमान दिग्दर्शक हिंदू धर्माची टिंगल करतो असं दाखवणं सोपं गेलं. हे नाटक हिंदू म्हणवल्या जाणाऱ्या समाजाच्याच तळातल्या माणसांनी, आपल्यावरच्या विटाळाबद्दल रचलंय, हे सांगणारा कागद कुठे होता? सुखराम आणि सीताराम यांचं गाव कोणतं, जात कोणती, पहिला प्रयोग कुणासमोर झाला, त्यांनी आणखी काय काय रचलं, याची साधी नोंद कुणी केली नव्हती. नाटक जिवंत राहिलं आणि नाटककार विरून गेले. हल्ला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला त्यांचं नावसुद्धा उभं राहू शकलं नाही.

दुसरी गोष्ट श्रेयाची. १९७३ साली रायपूरच्या कार्यशाळेत तीन नाचा गम्मती जोडून ‘गांव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक तयार झालं. त्यानंतर भिलाईतल्या कार्यशाळेत राजस्थानी लोककथेवरून एक छोटं नाटक आकाराला आलं आणि ते सतनामी समाजाच्या गर्दीसमोर उघड्या मैदानात सादर झालं. तेच वाढत वाढत ‘चरणदास चोर’ झालं. १९७५ साली दिल्ली, १९८२ साली एडिंबरा आणि तिथला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार. मदन निषाद, ठाकूरराम, लालूराम, भुलवाराम, फिदाबाई, गोविंदराम निर्मलकर अशा नटांनी तालमीत जागच्या जागी संवाद रचले, प्रसंग फिरवले, विनोद घातले. तन्वीर यांनी हे कधी लपवलं नाही. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठाला एकच नाव परवडतं. अभ्यासक्रमात एकच नाव जातं. चरणदासची भूमिका वर्षानुवर्षं करणाऱ्या गोविंदराम निर्मलकरांना २००९ साली पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली ते गेले. शेवटच्या वर्षांत त्यांच्या हलाखीच्या बातम्या छापून येत होत्या. पदक घरात आणि औषधाला पैसे नाहीत, अशी अवस्था. नट म्हणून त्यांचा गौरव झाला. ज्या वाक्यांवर जग हसलं, त्यांतली काही त्यांची स्वतःची होती याची नोंद कुठल्या हिशोबात झाली?

याच नाटकाच्या वाट्याला पुढे बंदीही आली. २००९ च्या जूनमध्ये तन्वीर गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच, सतनामी समाजातल्या काहींनी घेतलेल्या आक्षेपानंतर, छत्तीसगड सरकारने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी आणली. पुरोगामी वर्तुळात लगेच अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती, कारण सरकारी बंदी हे कुठल्याच वादाचं उत्तर नसतं. पण एक प्रश्न बाजूला पडला. आपल्या गुरूबद्दल, आपल्या पंथाबद्दल रंगमंचावर काय बोललं जावं, यावर त्या समाजाला म्हणणं मांडायची जागा कुठे होती? नाटक मैदानातून सभागृहात, सभागृहातून पुस्तकात आणि पुस्तकातून ग्रंथालयात गेलं. जिथून निघालं त्या मैदानात परत येऊन, लोकांसमोर बसून, प्रश्न झेलायची पद्धतच आपण तयार केली नाही. मग उरतं ते निवेदन आणि बंदी.

आता लोहमार्गाच्या मराठी टोकाकडे या. तिथे वेगळं काय घडलं?

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलं. कमिटीने ते नाकारलं. शेतकरी जोडप्याला नाडणारा जोशी आणि मध्ये मध्ये सत्य सांगणारा विदूषक असं ते नाटक. नाचातल्या जोक्कडचा भाऊच म्हणा. ते छापून आलं १९७९ साली, म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी. पण आलं, कारण ते लिहिलेलं होतं आणि हस्तलिखित टिकलं. मराठी रंगभूमीच्या इतिहासात १८४३ चं ‘सीता स्वयंवर’ आधीच पक्कं बसलेलं होतं. ‘तृतीय रत्न’ छापल्यावर मात्र त्या इतिहासाला फुल्यांसाठी जागा करून द्यावी लागली. कागद नसता तर आपण फक्त ‘असं म्हणतात’ एवढंच म्हणत बसलो असतो.

भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. असे जलसे करणारे पुष्कळ होते. आज आपण त्याबद्दल नीट बोलू शकतो, कारण कर्डकांनी म्हातारपणी बसून ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिलं आणि ते १९७८ साली आलं. कोण कुठे गात होतं, कोणत्या गावात काय झालं, हे करणाऱ्यानेच नोंदवलं. मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली बाबासाहेबांसमोर म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ झालं आणि पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी ते नागपुरात झालं. त्यानंतरच्या पिढीत दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’ आलं. चंद्रपूर जिल्ह्यात जन्मलेल्या प्रेमानंद गज्वींनी १९७७ साली ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका लिहिली. पाण्याच्या एका घोटाभोवती फिरणारी, मोजक्या नटांत होणारी, नेपथ्य जवळजवळ नसलेली. तिचे हजारो प्रयोग झाले, अनेक भाषांत ती गेली. ‘पोंगा पंडित’ आणि ‘घोटभर पाणी’ यांचा विषय एकच, आकार जवळपास एकच, गरिबीही एकच. पण ‘घोटभर पाणी’वर नाव होतं. त्यामुळे तिच्या लेखकाला पुढचं नाटक लिहिताना ओळख होती, त्याच्यावर टीका करता आली, त्याला प्रश्न विचारता आले, आणि २०१९ साली नागपूरच्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाच्या अध्यक्षपदी तो बसला. संमेलनाचं अध्यक्षपद म्हणजे मुक्ती नव्हे. पण वस्तीतली एकांकिका लिहिणाऱ्याला त्या खुर्चीपर्यंतचा माग दिसतो, ही गोष्ट लहान नाही.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही आपल्याच लोकांकडून येतात, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप असा : नाव लावणं हा मीपणा आहे. आपली परंपरा सामूहिक आहे, लोकांची आहे. ऐकायला हे छान वाटतं. पण ‘लोकांची’ हा शब्द कुणाच्या कलेला लावला जातो ते बघा. शहरातल्या महाविद्यालयीन स्पर्धांत संहितेच्या पहिल्या पानावर लेखकाचं नाव असतं आणि लेखनाला वेगळं पारितोषिक असतं. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि तिथून पुढे आलेल्या लेखक-दिग्दर्शकांची नावं लोक घडाघडा सांगतात. तिथे कुणी म्हणत नाही की एकांकिका ‘लोकांची’ आहे. जिथे सवर्ण लिहितो तिथे लेखक असतो आणि जिथे आपण रचतो तिथे लोककला असते, ही वाटणी आपण कशाला मान्य करायची? सामूहिक असेल तर सगळ्यांची नावं लिहा. पाच जणांनी तालमीत रचलं असेल तर पाच नावं. गाणी तिसऱ्याची असतील तर त्याचं नाव. समूह म्हणजे नावांची यादी. नावं पुसून टाकली की समूह राहत नाही, गर्दी राहते.

दुसरा आक्षेप : नाव लावलं, हक्क आला, की मग कुणालाही ते नाटक करता येणार नाही. हा गैरसमज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. अनेकांनी मिळून लिहिलेल्या कृतीचा संयुक्त हक्क कायदा मानतो. अट इतकीच, की नाटक लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने पक्कं झालेलं हवं. आणि हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला त्याच कायद्यात सूट आहे. म्हणजे शेजारच्या वस्तीला जयंतीत तुमचं नाटक करायला काही अडचण नाही. अडचण होईल ती नाव पुसून, तिकीट लावून ते विकणाऱ्याला. तशी ती व्हायलाच हवी.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे घरातल्या पहिल्या पदवीधरांबद्दल.

आपल्या हातात लेखणी आली तेव्हा आपल्यातल्या काहींनी गम्मतीकडे पाठ फिरवली. ती अडाण्यांची, आचरट, रात्रभर चालणारी गोष्ट वाटू लागली. आपण प्रमाण मराठीत किंवा शाळेतल्या हिंदीत एकांकिका लिहू लागलो. विषय आपला, पण बोलणं परीक्षकांना पटेल असं. नाटकातली आजी पुस्तकासारखं बोलते आणि समोर बसलेली खरी आजी जांभई देते. आजोबा झाडीबोलीत बोलत असतील, आई छत्तीसगडीत भांडत असेल आणि मुलगा मराठी-हिंदीच्या मिसळीत उत्तर देत असेल, तर नाटकात तसंच येऊ द्या. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे शेतकरी-नाटककार राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली आलं आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांना ती गावाकडची बोली कान देऊन ऐकावी लागली. बोली टाकून शहरात जाण्याची काही गरज नव्हती, हे त्याने दाखवलं.

दुसरी गोष्ट बायकांची. नाचात बाई म्हणजे परी, आणि परी पुरुष. जलशांतही बाईची भूमिका बहुधा पुरुषच करत. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी पुरुषांसारखं उभं राहून पंडवानी गायली, तेव्हा आधी त्यांच्याच समाजाने त्यांना बाहेर काढलं. पद्मविभूषण कितीतरी नंतर आलं. आपल्या जयंतीच्या नाटकांत आज मुली काम करतात, पण लिहितात किती? सावित्रीबाई आणि रमाई यांच्यावरची बरीच नाटकं मुलगे लिहितात आणि मुली साड्या नेसून ती बोलतात. पहिल्या पदवीधर मुलीच्या वहीत जे असेल ते यापेक्षा वेगळं असणार. घरातून कॉलेजला निघतानाचं, वसतिगृहातलं, नवऱ्याच्या चळवळीतलं. ते मंचावर यायला हवं, आणि तिच्या नावासकट.

मग करायचं काय? मोठ्या अनुदानाची वाट बघायची गरज नाही. एका वस्तीने एका जयंतीत चार छोटी नाटकं ठरवावीत. प्रत्येक नाटकाची संहिता वहीत पूर्ण लिहावी, तालमीत बदललेले संवाद नंतर त्यात भरावेत. पहिल्या पानावर रचणाऱ्या सगळ्यांची नावं, गाव, तारीख आणि प्रयोगाची जागा लिहावी. आजी-आजोबांना आठवणाऱ्या गम्मती फोनवर ध्वनिमुद्रित कराव्यात आणि सांगणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच बोलून घ्यावं. प्रयोगानंतर नाटककाराने मंचावरून उतरून समोरच्या सतरंजीवर बसावं आणि अर्धा तास लोकांचं ऐकावं. ‘आमच्या गुरूला असं का दाखवलं’, ‘आमची बोली चुकीची का’, ‘बाई शेवटी गप्प का’, हे प्रश्न तिथेच विचारले जावेत म्हणजे ते मंत्रालयात जाणार नाहीत. वर्षाअखेर चारही नाटकांची झेरॉक्स पुस्तिका काढावी आणि एक-एक प्रत जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्यावी. देणगीदाराच्या हाराचे पैसे वाचले तरी हा खर्च निघतो.

नाटक विसरलं जाणं हे नैसर्गिक आहे, सगळ्यांचीच पुष्कळ नाटकं विसरली जातात. पण कुणाची विसरायची आणि कुणाची जपायची हे आजवर दुसऱ्यांनी ठरवलं. सुखराम आणि सीताराम यांच्या हातात लेखणी नव्हती. आपल्या हातात ती आहे, फोन आहे, आणि हे सगळं आपल्या आजोबांच्या पिढीपेक्षा स्वस्त आहे. तरीही येत्या जयंतीच्या फ्लेक्सवर नाटककाराचं नाव नसेल, तर दोष कमिटीच्या दारात टाकता येणार नाही. फ्लेक्सचा मजकूर हल्ली आपल्यातलाच एखादा पदवीधर टाइप करतो. त्याने एक ओळ वाढवावी.

जय भीम. जय सतनाम.